दादरचं रिसेप्शन: तीन तासांच्या संगीताच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

रिसेप्शन रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७ ते १०. दादर पश्चिम, पहिल्या मजल्यावरचा एसी हॉल. लग्न आदल्या दिवशी, घरच्यांपुरतं. रिसेप्शनला ४५० पाहुणे, एका वेळी हॉलमध्ये २०० ते २२५. मुलगी दादरची, मुलगा वरळी कोळीवाड्यातला. मुलीकडच्यांचं म्हणणं: भावगीतं, थोडं नाट्यसंगीत, आणि शेजारच्याशी बोलता येईल एवढाच आवाज. मुलाकडच्यांचं म्हणणं: कोळीगीतं आणि नाच झालाच पाहिजे, नाहीतर कोळीवाड्यात तोंड दाखवायला जागा नाही. डीजे कुणी मागितलेला नाही, पण दोन्हीकडच्या तरुण मंडळींनी तो धरूनच ठेवलाय.

कलाकारांच्या याद्या यायला लागल्या आहेत. त्या आत्ता बाजूला. आधी स्टेजवरच्या रांगेचा हिशोब. ४५० पाहुणे म्हणजे साधारण १६० कुटुंबं किंवा गट. एका गटाला स्टेजवर चढणं, हस्तांदोलन, आहेर देणं, फोटो, उतरणं धरून ४० सेकंद. १६० गुणिले ४० म्हणजे ६४०० सेकंद, पावणेदोन तासांहून थोडं जास्त. नवरा-नवरी ७:२० ला स्टेजवर आले तर रांग ९:१० च्या सुमाराला संपते. तोपर्यंत नवरा-नवरी नाचायला मोकळे नाहीत, घरातली मोठी माणसं स्टेजजवळून हलत नाहीत आणि पाहुण्यांचं अर्धं लक्ष रांगेत, अर्धं ताटात असतं. त्या वेळात कुणालाही समोर बसवून ऐकवायचा कार्यक्रम चालत नाही. नाच हवा असेल तर तो ९:१५ नंतरच. हॉलचा नियम १० वाजता सगळं बंद, म्हणून वाद्यं ९:५० ला थांबवायची. म्हणजे नाचाला ३५ मिनिटं मिळतात, त्याहून एक मिनिटही जास्त नाही.

८ जानेवारी, बुधवार

हॉलची पाहणी. लांबी २४ मीटर, रुंदी १४, उंची ४.२. मोझॅकची जमीन, प्लास्टरच्या भिंती, छताला जिप्समचा सपाट पत्रा. रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडून फोनवर मोजलं: आवाज विरायला मध्यम पट्टीत सुमारे २.३ सेकंद. हे फार आहे. गाण्याचे शब्द एकमेकांवर चढतात.

घनफळ १४११ घनमीटर. घुमण्याचा वेळ काढायच्या सेबाइनच्या सूत्राने, म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण, रिकाम्या हॉलचं शोषण सुमारे ९९ चौरस मीटर येतं. उभा माणूस कपड्यांसकट अंदाजे ०.४५ चौरस मीटर आवाज शोषतो. २२० माणसं म्हणजे आणखी ९९. पाहुणे भरले की घुमणं निम्म्यावर, १.१५ सेकंदांपर्यंत येतं. म्हणून साडेसहाच्या साउंड चेकला जे ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवून इक्वलायझर (पट्टीनुसार आवाज कमी-जास्त करणारं यंत्र) कापत बसायचं नाही. रिकाम्या हॉलमध्ये गोड केलेला आवाज पाहुणे आल्यावर कोंदट लागतो.

एका लांब भिंतीला सहा खिडक्या, बाहेर अरुंद गल्ली, समोर राहती इमारत. स्पीकर या खिडक्यांकडे तोंड करून ठेवायचे नाहीत. वादकांचं प्लॅटफॉर्म खिडक्यांच्याच बाजूला, मागे जाड पडदा, आणि स्पीकरचं तोंड आतल्या भरीव भिंतीकडे. वरच्या पट्टीचा आवाज स्पीकरच्या मागे फारसा जात नाही. बेसचा मात्र सगळीकडे पसरतो, त्याचं वेगळं बघावं लागेल.

प्लॅटफॉर्म १२ बाय ८ फूट, उंची १ फूट, नवरा-नवरीच्या स्टेजपासून ७ मीटरवर. दोघांच्या स्टेजवर वादक नकोत. तिथे बसवले की प्रत्येक फोटोत मागे तबलजी आणि प्रत्येक माइकमध्ये फोटोग्राफर.

लिफ्ट लहान. १८ इंची बेसची पेटी त्यात जात नाही, जिना वळणाचा आहे. हॉल सकाळच्या पार्टीकडून ४ वाजता मोकळा होणार. म्हणजे उभारणीला दोनच तास.

११ जानेवारी, शनिवार

पर्याय एकेक करून तपासले.

पूर्ण ऑर्केस्ट्रा, बारा-चौदा माणसं. मुंबईला ऑर्केस्ट्राची सवय जुनी, त्यामुळे हे नाव हमखास निघतं. पण बारा माणसांना २० बाय १२ चं स्टेज लागतं, ड्रमसेट या छताखाली एकटाच ९५ डेसिबलच्या वर जातो, आणि गायकांना प्रेक्षक लागतात. इथे प्रेक्षक बटाटेवड्याच्या काउंटरवर. बाद.

डीजे. जागा कमी, वेळेचा पक्का, कुठलंही गाणं. अडचण माणसाची नाही, सामानाची. नेहमीचं पॅकेज दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि दोन जुळे १८ इंची बेस. एवढा बेस या हॉलला पेलत नाही: ४.२ मीटर उंचीला ४० हर्ट्झच्या आसपास छत-जमिनीत उभी लहर (जागच्या जागी साचून राहणारी) जमते, त्यात भिंतीभिंतींमधल्या लहरी मिसळून काही ठिकाणी पोटात हादरा, दोन पावलांवर काहीच नाही. शिवाय पावणेदोन तासांच्या रांगेत डीजेला हळू वाजवायला सांगणं कागदावर सोपं वाटतं, तेवढंच.

पितळी कोळी बँड. न्यायचा तर खालच्या फाटकाशी, पाहुणे येताना. ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम बंद हॉलमध्ये नाही. आणि 'माइक नाही म्हणजे नियम नाही' हा समज चुकीचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर वाद्यांचाही त्यात समावेश आहे, रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी त्यांनाही लागू. बंद सभागृहाला सूट आहे, पण खिडकी उघडली की ते सभागृह बंद राहत नाही.

गझल किंवा एकल शास्त्रीय. चांगल्या कलाकाराचा अपमान करायचा असेल तर बुफेशेजारी बसवावं.

कराओके. घरातल्या हौशी मंडळींसाठी हळदीला उत्तम. रिसेप्शनला तिसऱ्या गाण्यानंतर माइक परत मिळत नाही.

उरतं ते थरांनी रचलेलं: प्रवेशाला सनई-चौघडा, रांगेच्या पहिल्या अर्ध्यात नुसती वाद्यं, दुसऱ्या अर्ध्यात दोन गायक, रांग संपली की कोळीगीतं. माणसं शक्य तितकी तीच, वाद्यं बदलायची.

१६ जानेवारी, गुरुवार

दोन्ही घरांसोबत बैठक. मान्य झालेला क्रम:

६:३० ते ७:२० सनई-चौघडा, जिन्याच्या पायथ्याशी.
७:२० ते ८:१० बासरी, व्हायोलिन, तबला, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड).
८:१० ते ८:२० रेकॉर्डेड वाद्यसंगीत, वादकांना पाणी आणि जागा बदल.
८:२० ते ९:१० भावगीतं, एक गायिका, एक गायक.
९:१५ ते ९:५० कोळीगीतं, त्याच गायकांसोबत ढोलकी आणि बेंजो (कळा दाबून वाजवायचं तारवाद्य).
९:५० ला वाद्यं बंद, १० ला हॉल बंद.

मुलाच्या काकांनी कोळीगीतांना तासभर मागितला. ९:५० पुढे सरकणार नाही, त्यामुळे जास्त वेळ फक्त रांगेतून कापून मिळू शकतो, म्हणजे ३७-३८ कुटुंबांना फोटोशिवाय परत पाठवून. हे ऐकल्यावर ३५ मिनिटं मान्य झाली. मुलीच्या आजींची एकच अट: पाठवणीचं गाणं नको. ती रास्त आहे. भावगीतांच्या यादीत निम्मी गाणी विरहाची असतात, चाल गोड म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शब्द वाचूनच यादी पक्की करायची. वाद्यांवर वाजवतानाही तेच, कारण ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप येतात.

भैरवीही नको, निदान ९:५० च्या आधी नको. भैरवी लागली की जाणते पाहुणे चपला शोधायला लागतात.

बजेट १,४०,०००. त्यातले साउंडला ४०,०००. मुलाकडून प्रश्न आला की साउंडवर एवढे कशाला, त्यात आणखी एक गायक येईल. दोन गायकांचे शब्द शेवटच्या टेबलापर्यंत न पोचण्यापेक्षा तिसरा गायक नसलेला बरा.

२१ जानेवारी, मंगळवार

हॉलच्या फॉर्ममध्ये 'संगीत परवाना आयोजकाने आणावा' अशी ओळ आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए): धार्मिक समारंभात केलेलं सादरीकरण हा भंग धरला जात नाही, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे स्पष्ट लिहिलेले आहेत. केंद्राच्या डीपीआयआयटी (उद्योग व अंतर्गत व्यापार) खात्याने २४ जुलै २०२३ ला काढलेल्या जाहीर सूचनेत हेच पुन्हा सांगितलं. गोवा सरकारचं याच धर्तीचं परिपत्रक मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. कायद्यातलं कलम त्याने बदललेलं नाही. म्हणून हॉलला पत्र देताना परिपत्रकाचा नाही, थेट कलमाचा आधार घेतला. पत्रात तीन गोष्टी: कार्यक्रम अमुक कुटुंबाच्या लग्नाचा स्वागत समारंभ आहे, प्रवेश निमंत्रितांनाच आहे, तिकीट किंवा प्रायोजक नाही. लग्नपत्रिकेची प्रत जोडली. हॉलचा शिक्का असलेली पोच घेतली. ही पोच त्या रात्री साउंडवाल्याच्या टेबलावर हवी, घरच्या कपाटात नाही.

आवाजाच्या मर्यादा: राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. खासगी साउंडसाठी जागेच्या हद्दीवर त्याहून ५ पर्यंत जास्त. आता दादरच्या गल्लीत रिक्षा नसूनही संध्याकाळी नुसत्या वाहतुकीचाच आवाज ६८ भरला. त्यामुळे व्यवहारातली कसोटी अशी: गल्लीत समोरच्या इमारतीच्या दाराशी मीटर धरायचा, संगीत चालू आणि बंद करायचं, काट्यात फरक पडता कामा नये. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून आहे, समोरच्या इमारतीत अभ्यास करणारी मुलं असणारच. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटून वेळ सांगून यायचं.

२५ जानेवारी, शनिवार

कलाकार निवड. स्टुडिओत केलेले, एडिट केलेले व्हिडिओ बाजूला ठेवले. प्रत्येकाकडून एकच मागितलं: एखाद्या हॉलमधल्या कार्यक्रमाचा, प्रेक्षकांतून फोनवर घेतलेला, सलग दहा मिनिटांचा तुकडा. त्यात गाण्यापेक्षा दोन गाण्यांमधली जागा बघायची. किती वेळ सुरावट लावण्यात जातो, निवेदन किती लांबतं, कुणी फर्माईश केली तर काय होतं. एका गटाचं वादन सुरेख, पण दर गाण्याआधी दोन मिनिटं आठवणी. रिसेप्शनला हे चालणार नाही.

बासरीवाल्याला विचारायचं ते हे: कुठल्या पट्टीच्या (म्हणजे कुठल्या 'सा'च्या) बासऱ्या सोबत आहेत. बासरी प्रत्येक पट्टीची वेगळी. तबलजीला: किती तबले आणणार. बेंजोवाल्याला: पिकअपमधून (तारांचा आवाज उचलणारा भाग) मिक्सरला जोडायचा जॅक निघतो का, आणि तो घरघरतो का.

इसार ३० टक्के, उरलेली बिदागी वाजवून झाल्यावर त्याच रात्री. लेखी करारात: माणसं किती, हजर किती वाजता, आजारी पडल्यास बदली कोण, कोण कुठलं वाद्य आणि कुठला माइक आणणार, जेवण कधी. जेवणाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. तो न लिहिल्यास तबलजी ८:१५ ला बुफेच्या रांगेत असतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेश जयंती. आज कुणीही मोकळं नाही, सनईवाले तर मुळीच नाहीत. फोन सोमवारनंतर.

५ फेब्रुवारी, बुधवार

गाण्यांचा पट्टीवार तक्ता. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळा कार्यक्रम यावर उभा आहे.

गायिकेची पट्टी काळी चार (म्हणजे तिचा 'सा' पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर), एक-दोन गाणी काळी पाच. गायकाची काळी एक, एक गाणं पांढरी दोन. पहिल्या यादीत एक गाणं तिचं, एक त्याचं, असा क्रम होता. दिसायला छान, तबल्याला जाच. तबला काळी एकवरून काळी चारवर चढवता येत नाही, दुसरा तबला लागतो. दोन तबले असले तरी एसी हॉलमध्ये न वाजणाऱ्या तबल्याचा सूर सरकतो: हवा कोरडी झाली की पुडी (तबल्याचं कातडं) ताणते आणि सूर चढतो. परत हातोडी घेऊन गठ्ठे ठोकणं, दोन-तीन मिनिटं गेली. दहा गाण्यांत नऊ वेळा पट्टी बदलली तर वीस मिनिटं ठोकण्यात.

नवा क्रम: आधी तिची चार सलग, मग त्याची तीन, मग द्वंद्वगीत, मग तिची दोन. पट्टीचा मोठा बदल तीनदाच होतो. द्वंद्वगीताची पट्टी दोघांना जमेल अशी पांढरी चार, त्याला तिथे काही वरच्या जागा सोडाव्या लागतात. तबला न वाजणारा असेल तेव्हा तो कापडाखाली झाकलेला.

हार्मोनियमची पट्टी यंत्रावर तपासायची. सिंथ ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या प्रमाणावर पक्का असतो, जुन्या पेट्या अनेकदा थोड्या चढ्या. तीन-चार हर्ट्झचा फरक एकट्या पेटीत कळत नाही, सिंथसोबत लगेच खुपतो. पेटी चढी निघाली तर सिंथ पेटीला मिळवायचा, कारण पेटीचे सूर त्या वेळी बदलता येत नाहीत.

सनईवाले सूर सांगतात तो त्यांचाच. त्यांना पट्टी सांगायची नाही. सूर धरणारा आणि चौघडा धरून तीन माणसं, २ बाय २ मीटरची गादी, माइक नाही. जिन्याच्या टाइल्समुळे आवाज आपोआप वर चढतो. सुरुवातीला यमन, मग भूप, दुर्गा. प्रत्येक राग दहा-बारा मिनिटं, विलंबित आलापी नको.

९ फेब्रुवारी, रविवार

तालीम. कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, उडता. ढोलकीवाला आणि तबलजी दोघे एकदम वाजवायला लागले की ठेका जड होतो. ठरलं: कोळीगीतांत तबला बंद, तबलजी मंजिरी आणि टाळावर. गाणी एकामागून एक, थांबा नाही, गायक पुढच्या गाण्याची ओळ बोटांनी सांगतो. ३५ मिनिटांत सलग जोडलेल्या गाण्यांच्या दोन जोड्या, प्रत्येकी सोळा-सतरा मिनिटं. लय सुरुवातीला मध्यम ठेवायची. पहिल्याच गाण्यात द्रुत झाली तर दहा मिनिटांत वयस्क मंडळी खुर्च्यांवर जाऊन बसतात आणि परत येत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साउंडची अंतिम यादी.

मिक्सर १६ चॅनेलचा, डिजिटल. वापर: बासरी १, व्हायोलिन १, तबला व डग्गा २, सिंथ २, हार्मोनियम १, गायक २, ढोलकी २, बेंजो १, निवेदनाचा वायरलेस १, लॅपटॉप २. एकूण १५, एक राखीव. गायकांना शुअर एसएम ५८ सारखे डायनॅमिक माइक, कंडेन्सर नाही: बुफेतल्या चमच्यांचा आवाजही कंडेन्सर उचलतो. गायकांच्या चॅनेलला १०० हर्ट्झखाली काट. डग्ग्याचा माइक फार जवळ नेला की घुमारा वाढतो, १२ ते १५ सेंटिमीटर पुरे.

स्पीकर: १० इंची चार. पहिली जोडी प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना, माइकच्या पुढे, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी येण्याची शक्यता कमी. दुसरी जोडी बुफेच्या बाजूला ११ मीटरवर. आवाजाचा वेग २५ अंशांना ३४६ मीटर प्रतिसेकंद, म्हणून ११ मीटरला ३२ मिलिसेकंद लागतात. दुसऱ्या जोडीला ३७ मिलिसेकंदांचा डिले (आवाज तेवढा उशिरा सोडणं): पाच जास्त दिल्याने कानाला आवाज वादकांकडूनच येतो असं वाटतं. डिले न देता नुसते चार स्पीकर एकदम लावले की बुफेजवळ प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि मग तिथली मंडळी आवाज वाढवा म्हणतात. वाढवल्यावर जास्तच बिघडतं. नवरा-नवरीच्या स्टेजकडे एकही स्पीकर नाही.

बेसची एकच १५ इंची पेटी, फक्त कोळीगीतांसाठी, आतल्या भिंतीपाशी, ५० हर्ट्झखाली कापलेली.

पातळी, हॉलच्या मध्यावर: वाद्यसंगीत ७०, भावगीतं ८० ते ८२, कोळीगीतं ८८ ते ९०. दोनशे माणसांच्या बोलण्याचा आवाजच ७५ च्या पुढे जातो. त्यावर संगीत चढवलं की लोक ओरडून बोलतात, त्यावर पुन्हा संगीत चढवा अशी मागणी येते. वाद्यसंगीताचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) ८:१० पर्यंत हलवायचा नाही, कुणीही येऊन सांगितलं तरी.

वीज. प्लॅटफॉर्ममागचा १६ अँपिअरचा सॉकेट आणि कॉफी काउंटरचा सॉकेट एकाच २० अँपिअरच्या एमसीबीवर (वीज जास्त ओढली की आपोआप पडणारा स्विच) निघाले. २३० व्होल्टला तिथे ४.६ किलोवॉट मिळतात. साउंडचे दीड, कॉफी मशीनचे दोन, अन्न गरम ठेवणाऱ्या दोन पेट्यांचे तीन: साडेसहा. पडणार हे नक्की, आणि ते नेमकं गर्दीत पडणार. हॉलच्या इलेक्ट्रिशियनकडून मुख्य पॅनेलवरून वेगळी लाइन: तीन पदरी, ४ स्क्वेअर एमएम, ३० मीटर, लाइटवाल्यांच्या डिमरपासून वेगळ्या फेजवर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून दोन व्होल्टांच्या आत हवं. जनरेटर फक्त लिफ्ट आणि दिव्यांना आहे, म्हणून मिक्सर व लॅपटॉपला १ केव्हीएचा यूपीएस. स्पीकर यूपीएसवर नाहीत.

लाइटवाल्यांनी प्रवेशाला धुराचं मशीन सुचवलंय. नको: हॉलमध्ये धूर ओळखणारे सेन्सर आहेत, आणि ओलसर धुराने तबल्याची पुडी उतरते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्याच्या रेल्वे मेगाब्लॉकची वेळ तपासली. दुपारी ४ पर्यंत गाड्यांचा गोंधळ धरून डोंबिवली-बदलापूरकडच्या वादकांना ३:३० ला दादरला पोचायला सांगितलं. वाद्यं लोकलने नाहीत, टेम्पोतून साउंडसोबत. ढोलकीवाल्याने स्वतःची ढोलकी हातात आणणार म्हटलंय, ते बरोबर.

१६ फेब्रुवारी, रविवार

४:१० हॉल ताब्यात. सकाळच्या पार्टीची फुलं अजून प्लॅटफॉर्मच्या जागी होती.

५:०५ वेगळी लाइन जोडली. न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट.

५:३० सिंथमधून घरघर. सिंथचा अडॅप्टर चुकून भिंतीच्या जुन्या सॉकेटवर, मिक्सर नव्या लाइनवर. दोन जागी अर्थ मिळाला की ५० हर्ट्झची घरघर येते. अडॅप्टर नव्या लाइनवर आणला, थांबली. साउंडच्या पोराने अर्थची पिन काढायचं सुचवलं होतं. ते कधीच करायचं नाही, गायकाच्या ओठांशी धातूचा माइक असतो.

५:५० शिट्टीची चाचणी. गायकांचा माइक हळूहळू वाढवत नेला: आधी २५० हर्ट्झ, मग २५०० च्या जवळ. दोन्ही ठिकाणी ४ डेसिबल काट, त्याहून जास्त नाही.

६:०० वादकांचं जेवण. गायिकेने फक्त गरम पाणी आणि भात घेतला.

६:३० सनई सुरू. पहिल्या मजल्यावर ६६ डेसिबल, अगदी हवा तेवढा.

७:२६ नवरा-नवरी स्टेजवर, वाद्यसंगीत सुरू. सहा मिनिटं उशीर.

७:५० कॉफी काउंटरचा एमसीबी पडला. साउंडवर परिणाम नाही.

८:०५ बुफेकडून 'काही ऐकू येत नाही' अशी तक्रार. पातळी ठरलेलीच होती, वाढवलं नाही. दुसऱ्या जोडीच्या स्पीकरची उंची कमी होती, समोर माणसं उभी राहिल्यावर वरची पट्टी अडत होती. स्टँड १.६ वरून २ मीटरवर नेले, तक्रार थांबली.

८:२४ भावगीतं. पडद्याआडची एक खिडकी कुणीतरी उकडतंय म्हणून उघडली होती, गल्लीतल्या मीटरवर ३ डेसिबल वाढ. खिडकी बंद, एसी दोन अंश खाली. त्याने तबला चढला, गायकाच्या तिसऱ्या गाण्याआधी एक मिनिट ठोकावं लागलं.

८:५० निवेदनाचा वायरलेस मधूनमधून तुटायला लागला. रिसीव्हर टेबलाखाली, मध्ये माणसं. रिसीव्हर एका माइक-स्टँडला बांधून दोन मीटर उंच केला.

९:०२ एका हौशी पाहुण्यांना गायचं होतं. तयारी आधीच होती: एक गाणं, त्यांच्या पट्टीचं, काळी एकच्या गटातच बसवलेलं, माइक वायरचा. वायरचा माइक प्लॅटफॉर्म सोडून फिरत नाही.

९:१७ रांग संपायला दहा गट बाकी. फोटोग्राफरने त्यांना जोडीजोडीने चढवलं.

९:२१ कोळीगीतं. बेसची पेटी चालू, मध्यावर ८९. गल्लीत फरक १ डेसिबल. पहिल्या सोळा मिनिटांनंतर थांबा न घेता दुसरी जोडी.

९:५१ बंद. मुलाच्या काकांनी आणखी एक मागितलं, ते खाली फाटकाशी, ढोलकी आणि टाळ्यांवर, माइकविना, दहाच्या आत.

१०:४० सामान टेम्पोत. बिदागीची पाकिटं ९:५५ लाच दिली होती, वादकांना १०:१२ ची जलद मिळाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हॉलकडून वेगळ्या लाइनचं बिल आलं, ठरल्याप्रमाणे. समोरच्या सोसायटीकडून तक्रार नाही.

व्हिडिओवाल्यांना मिक्सरमधून दिलेला आवाज भावगीतांपर्यंत स्वच्छ, कोळीगीतांत फाटलेला. मिक्सरमधून लाइन पातळी जात होती, कॅमेऱ्याचं इनपुट माइकवर होतं. भावगीतांना ते कसंबसं चाललं, ढोलकी आल्यावर नाही. कॅमेऱ्यावर लाइनचा पर्याय नसेल तर मध्ये पॅड (आवाजाची पातळी उतरवणारा जोड) लागतो, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. सुदैवाने मिक्सरच्या पेनड्राइव्हवर वेगळं रेकॉर्डिंग होतं. ते व्हिडिओवाल्यांना दिलं, कोळीगीतांचा आवाज त्यावरून जोडतील. जोडताना ढोलकीची पहिली थाप आणि चित्रातला हात मिळवून घ्यायला सांगितलं.